जुना रुपया : रुप्याचा कीं नांवाचा ?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यांतील गोष्ट. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आपल्या आजीबाईंना घेऊन शास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभी राहिली. आजीबाईंचें वय ऐशींच्या पुढचें. हातांत कापडाचा एक जुना कसा. "मास्तर, यांतले खरे किती आणि खोटे किती, तेवढें सांगा," असें म्हणून त्यांनीं तो कसा टेबलावर उपडा केला. आंतून चोवीस रुपये निघाले; कांहीं काळवंडलेले, कांहीं चकचकीत.

हे रुपये त्यांना त्यांच्या सासूबाईंनीं शेवटच्या दुखण्यांत हवालीं केलेले. नात येत्या जूनमध्यें परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जाणार. पहिल्या वर्षाच्या खर्चाला जो थोडा आधार होता तो हाच. एका पेढीवर त्यांनीं ते दाखविले होते. तेथील दुकानदारानें एकही नाणें तराजूंत न घालतां, "हे सगळे लढाईच्या वेळचे, अर्ध्या चांदीचे," असें सांगून सरसकट निम्म्या चांदीचा भाव देऊं केला. आजीबाईंना तें पटलें नाहीं. पण खोडून काढण्याचेंही साधन त्यांच्यापाशीं नव्हतें.

पुढें तीन दिवस दुपारीं इयत्ता नववीचीं मुलें-मुलीं आणि आम्ही त्या चोवीस रुपयांभोंवतीं बसलों. असे कसे पुष्कळांच्या घरीं ट्रंकेच्या तळाशीं अथवा देव्हाऱ्याच्या खणांत असतात. म्हणून त्या तीन दिवसांत जें पाहिलें तें येथें लिहितों.

'रुपया' हा शब्दच 'रूप्य' म्हणजे चांदी या संस्कृत शब्दावरून आला आहे. सोळाव्या शतकांत शेरशहा सूर यानें सुमारें १७८ ग्रेन वजनाचें चांदीचें नाणें पाडलें, तेव्हांपासून हें नांव रूढ झालें. त्यानंतर जवळ जवळ तीनशें वर्षें ठिकठिकाणच्या टांकसाळींतून नाना तऱ्हेचे रुपये पडत होते. पुण्याचा अंकुशी निराळा, चांदवडचा चांदवडी निराळा, सुरतेचा सुरती निराळा. वजनांत थोडा फरक, कसांत थोडा फरक. म्हणून शराफ एका जातीचा रुपया घेऊन दुसऱ्या जातीचा देतांना बट्टा कापीत, आणि पारखलेल्या नाण्यावर आपली बारीकशी खूण ठोकीत. अशा खुणा जुन्या रुपयांवर अजूनही दिसतात. त्या पाहून नाणें बिघडलेलें आहे असें समजूं नये.

१८३५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें कायदा करून आपल्या सर्व मुलुखांसाठीं एकच रुपया ठरविला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबें, असें त्याचें मिश्रण. नुसती चांदी फार मऊ. हातोहातीं फिरणारें नाणें तिचें केलें तर लवकर झिजून जावयाचें, म्हणून हा तांब्याचा एक भाग. वजन इतकें नेमकें होतें कीं बाजारांत तोळ्याच्या वजनाऐवजीं रुपयाच पारड्यांत टाकीत, आणि 'रुपयाभार' हा शब्द मापासारखा वापरीत. विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड व पांचवा जॉर्ज या सर्वांच्या रुपयांत हेंच माप व हाच कस टिकला. सहाव्या जॉर्जच्या १९३८ व १९३९ या सालांच्या रुपयांतही तो होता. मात्र १९३९ चा रुपया आज फार दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच तो कोणी सहज विकावयास आणला तर आधीं संशय घ्यावा.

मग आलें दुसरें महायुद्ध. लोक नोटा देऊन रुपये घेऊं लागले आणि घेतलेले रुपये घरांत दडवूं लागले. चांदी पुरेना. १९४० सालीं सरकारनें एक रुपयाची नोट काढली आणि रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली. १९४० ते १९४५ पर्यंतच्या रुपयांत शेंकडा ५० भाग चांदी, ४० भाग तांबें, ५ भाग निकेल व ५ भाग जस्त आहे. वजन मात्र तेंच, ११.६६ ग्रॅम. खोटें नाणें पाडणारांना अडचण पडावी म्हणून या रुपयाच्या कांठावरील उभ्या खांचांच्या मधोमध एक नक्षीदार खोबण घातली. बोटाच्या नखानें ती चटकन् लागते. जुने, भारी कसाचे रुपये १९४१ ते १९४३ या काळांत क्रमाक्रमानें चलनांतून काढून घेतले. अर्थात् सगळे परत गेले नाहींत. ज्यांना भारी नाणें आणि हलकें नाणें यांतला फरक कळत होता त्यांनीं हलकें खर्चिलें आणि भारी जपून ठेविलें. आजीबाईंच्या सासूबाई निरक्षर होत्या असें त्या सांगतात. परंतु त्यांच्या कशांत व्हिक्टोरिया आणि एडवर्ड कां राहिले, याचें उत्तर यांत आहे.

१९४७ सालीं चांदी अजिबात गेली. त्या वर्षाचा रुपया निव्वळ निकेलचा. एका बाजूस वाघ, आणि आकारानें जुन्या रुपयाहून थोडा लहान. युद्धांत अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करावयाची होती, म्हणून निम्म्या कसाचे रुपयेही सरकारनें गोळा करून वितळविले.

सारांश, आपल्याकडील रुपयाच्या बाबतींत पहिली कसोटी म्हणजे डोळे, आणि पाहावयाचें तें नाण्यावरील साल. यास ना तराजू लागतो ना तेजाब. मुलांनीं एक भिंग घेऊन सालें वाचावयास प्रारंभ केला. पंधरा रुपये १९४० च्या पूर्वींचे निघाले, आठ १९४० ते १९४५ मधले, आणि एक १९४७ चा. म्हणजे 'सगळे लढाईच्या वेळचे' हें म्हणणें दहा मिनिटांतच खोटें ठरलें. दुकानदारानें सालें वाचलीं नव्हतीं, किंवा वाचून सांगितलीं नव्हतीं.

साल वाचतांना एक गंमत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८४० आणि १८६२ हीं सालें असलेले रुपये त्या त्या सालींच पडले असें नाहीं. तेंच साल घालून ते पुढें कित्येक वर्षें पाडले जात होते. आणि १९११ चा पांचव्या जॉर्जचा रुपया सांपडला तर तो चांदीच्या भावानें कधींही देऊं नये. त्यावर राजाच्या पोषाखावरील हत्तीची सोंड इतकी आंखूड उमटली कीं लोकांना तें डुकर वाटलें; ओरड झाली, बराचसा माल परत घेऊन वितळविण्यांत आला, आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. जुन्या नाण्यांच्या शौकिनांत या 'डुकरी' रुपयाला चांदीहून पुष्कळ अधिक किंमत येते. आजीबाईंच्या कशांत तो नव्हता. मुलांची मोठी निराशा झाली.

लहान नाण्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. अधेली व पावली यांचा कस रुपयासारखाच, वजन अनुक्रमें निम्में व पाव. परंतु पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चांदी महाग झाल्यामुळें १९१९ च्या सुमारास आठ व चार आण्यांचीं कांहीं नाणीं तांबें-निकेलचीं काढलीं होतीं. त्यांवर आण्यांचा आंकडा मोठा असतो. तीं पांढरीं दिसलीं तरी त्यांत चांदीचा कण नाहीं. मराठवाड्यांतील घरांतून निजामाच्या राज्यांतला चारमिनाराचा हाली रुपया आढळतो. त्याचें वजन सुमारें ११.२ ग्रॅम, चांदी शेंकडा सुमारें ८२, आणि युद्धकाळांत तीही निम्मी झाली. स्वातंत्र्यानंतरच्या नेहमींच्या चलनांत चांदीचें नाणें नाहीं. गांधी जन्मशताब्दीच्या वेळीं, १९६९ सालीं, काढलेलें दहा रुपयांचें नाणें मात्र चांदीचें आहे. आणि ईस्ट इंडिया कंपनीचें नांव व १८१८ हें साल घालून वर रामदरबार किंवा हनुमान कोरलेलीं जीं नाणीं जत्रांतून आणि ओळखीपाळखींतून मोठ्या किंमतीस विकलीं जातात, तशीं नाणीं कंपनीनें कधींच पाडलीं नाहींत.

आतां कोणी म्हणेल, साल तर खोटें नाणें पाडणाराही घालूं शकतो. खरें आहे, आणि येथून पुढचें काम कठीण आहे. चांदीची म्हणून जी जी खूण लोक सांगतात, ती ती दुसऱ्या कोणत्या तरी धातूंतही सांपडते. म्हणून एका खुणेवर विश्वास टाकूं नये.

लोहचुंबक घ्या. चांदी त्याला चिकटत नाहीं, हें खरें. आमच्या वर्गांतील एका मुलानें चुंबक फिरवितांच १९४७ चा रुपया टपकन् उडून त्याला लागला. निकेल चुंबकाला ओढलें जातें. पण तांबें, जस्त, शिसें, कथील, इतकेंच नव्हे तर तांबें-निकेलचें मिश्रणही चिकटत नाहीं. म्हणजे चुंबकाला चिकटलेलें नाणें चांदीचें नाहीं एवढें ठरतें. न चिकटलेल्याविषयीं तो कांहींच बोलत नाहीं. बर्फाची गोष्टही अशीच. चांदीवर ठेविलेला बर्फाचा खडा झपाट्यानें वितळतो, कारण उष्णता वाहून नेण्यांत चांदीसारखा धातू नाहीं. पण तांबें तिच्या अगदीं मागोमाग आहे, आणि वर चांदीचा मुलामा दिलेलें तांब्याचें नाणें बर्फाला सहज फसवितें.

रंगाविषयीं म्हणाल, तर काळवंडलेला रुपया पाहून घाबरूं नये. हवेंतील गंधकयुक्त वायूनें चांदीवर काळा थर बसतो. तो चांदीचा दोष नसून स्वभाव आहे. मुलामा दिलेलें नाणें ओळखावयाचें तर उंच भाग पाहावेत: राणीचा गाल, मुकुटाचें टोंक, कांठाच्या खांचा. घासून घासून तेथेंच मुलामा आधीं जातो आणि आंतला तांबूस किंवा पिवळट धातू डोकावूं लागतो.

आवाजाची परीक्षा सर्वांत जुनी. खणखणीत वाजणें हें खरेपणाचें दुसरें नांवच मराठीत होऊन बसलें आहे. पूर्वींचे शराफ रुपया अंगठ्याच्या नखावर उडवीत किंवा दगडावर टाकीत. नाणें दगडावर आपटूं नये, कांठ दबतो. एका बोटाच्या टोंकावर नाणें तोलून धरावें आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेनें हलकेंच टिचकावें. चांदीचा नाद उंच, स्वच्छ आणि बराच वेळ लांबणारा. शिसें-कथलाचा ओतीव रुपया 'थप्' असा आवाज करून गप्प बसतो. आमच्या पंधरांपैकीं दोन असे मुके निघाले. त्यांतला एक सहज वजन केला तों नऊच ग्रॅम भरला. कांठाशीं भिंगांतून बारीक बुडबुड्यांच्या खळ्या दिसल्या, म्हणजे तो सांच्यांत ओतलेला, टांकसाळींत ठशाखालीं पाडलेला नव्हे. तो बाजूला ठेविला.

दुसरा मुका रुपया व्हिक्टोरियाचा होता. तोही खोट्यांत टाकावयास मुलें निघालींच होतीं. इतक्यांत एका मुलीनें त्याचा कांठ बोटानें चांचपून पाहिला आणि म्हणाली, "सर, येथें कांहीं तरी डाग दिल्यासारखें लागतें." खरेंच, तेथें डाख होता. कोणे काळीं त्या रुपयाला कडी लावून तो गळ्यांत घातलेला असावा. डाख लाविलेलें किंवा तडा गेलेलें नाणें शंभर नंबरी असलें तरी नीट वाजत नाहीं. आजीबाईंना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "हो, सासूबाईंच्या माळेंतला तो." आणि उलट, आठही निम्म्या कसाचे रुपये अगदीं सुरेख वाजत होते! तेव्हां आवाजानेंही पुरता निकाल लागत नाहीं.

राहिलें वजन. खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजला तर थोडा कमी. पण निम्म्या कसाचा रुपयाही तितकाच भरतो, आणि निकेलचाही. लबाडानें जर्मन सिल्व्हरचें नाणें किंचित् जाड केलें तरी तें तितकेंच भरेल. 'किंचित् जाड' हाच येथें धागा आहे. तितक्याच वजनाला हलका धातू अधिक जागा अडवितो. ती अडविलेली जागा मोजतां आली कीं लबाडी उघडी पडते. आणि जागा मोजण्याची युक्ति बावीसशें वर्षांपूर्वीं सिराक्यूझ येथील आर्किमिडीजनें दाखवून ठेविली आहे: नाणें पाण्यांत बुडवावें.

कृति अशी. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखविणारा विजेचा तराजू घ्यावा. सोनारापाशीं तो असतोच, आतां शाळांतूनही असतो. त्यावर पाण्यानें अर्धा भरलेला पेला ठेवून आंकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून तें पाण्यांत पुरतें बुडेल पण तळाला किंवा कडेला टेंकणार नाहीं, असें लोंबतें धरावें. तराजू जितके ग्रॅम दाखवील तितकें पाणी नाण्यानें बाजूला सारलें. नाण्याच्या कोरड्या वजनास त्या आंकड्यानें भागलें कीं नाणें पाण्याच्या किती पट जड तें निघतें. यालाच विशिष्ट गुरुत्व म्हणतात. शुद्ध चांदीचें तें १०.४९ आहे, तांब्याचें ८.९६. अकरा-बारांश चांदीच्या रुपयाचें १०.३ च्या आसपास येतें, निम्म्या चांदीच्या रुपयाचें सुमारें ९.५, आणि तांबें-निकेलचें ८.९. पाण्याच्या आंकड्यांत सांगावयाचें तर खरा रुपया १.१३ ग्रॅम पाणी सारतो आणि निम्म्या कसाचा १.२२. फरक नऊ शतांश ग्रॅमचा. म्हणून हात स्थिर हवा.

पहिल्या दिवशीं आमचीं उत्तरें वेडींवांकडीं आलीं. धडधडीत खऱ्या एडवर्डचें गुरुत्व ९.८ आलें, आणि वर्गांत शांतता पसरली; कारण आजीबाई तेथेंच स्टुलावर बसल्या होत्या. पुन्हां पाहिलें तेव्हां नाण्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले. ते जागा अडवितात आणि नाणें हलकें भासवितात. पाण्यांत साबणाचा थेंब टाकला, नाणें आधीं ओलें करून घेतलें, हातानें धरण्याऐवजीं स्टँडला दोरा बांधला, आणि तोच एडवर्ड १०.३ वर आला. डाखाचा व्हिक्टोरिया १०.२ वर आला. निम्म्या कसाचे आठही ९.४ आणि ९.६ यांच्या दरम्यान राहिले. आणि १९०७ सालचा एक सुंदर चकचकीत रुपया, जो वजनांत ११.६ भरला होता आणि बऱ्यापैकीं वाजलाही होता, त्यानें १.३४ ग्रॅम पाणी सारलें. भागाकार केला: ८.७. त्यांत चांदी असलीच तर वरच्या मुलाम्यापुरती. चोविसांत हाच रुपया आजीबाईंना सर्वांत अधिक प्रिय होता.

पाणीही एका ठिकाणीं फसूं शकतें. शिसें चांदीहून जड (११.३) आणि कथील पुष्कळ हलकें (७.३), दोहोंचें योग्य प्रमाण साधलें तर मिश्रणाचें गुरुत्व बरोबर चांदीइतकें आणतां येईल. पण तें नाणें नखानें ओरखडेल, कागदावर पेन्सिलीसारखी रेघ ओढील, आणि वाजणार तर मुळींच नाहीं. एका साक्षीदाराचें खोटें दुसरा उघडें पाडतो तें असें.

तेजाबाच्या परीक्षेविषयीं पुष्कळांनीं विचारलें. नायट्रिक आम्लांत चांदी विरघळते. त्या द्रावांत मिठाचें पाणी घातलें तर दह्यासारखा पांढरा साका बसतो, जो उन्हांत जांभळट होत जातो आणि अमोनियांत विरघळतो. आम्ही हें चांदीच्या तारेच्या तुकड्यावर करून दाखविलें, नाण्यावर नाहीं. कारण हें आम्ल कातडी जाळतें, त्याचा तांबूस धूर फुप्फुसांना घातक आहे, आणि मुलाम्याच्या आंत काय आहे हें पाहावयाचें तर नाण्याला खोल चरा पाडावा लागतो. शिक्षक जवळ नसतांना कोणीही हा प्रयोग करूं नये. सोनार काळ्या कसोटीच्या दगडावर नाण्याची रेघ ओढून तिच्यावर थेंब टाकतो. तेवढें काम त्याच्यावर सोंपवावें.

शेवटचा हिशेब मुलांनीं फळ्यावर मांडला. तेरा रुपये भारी कसाचे, प्रत्येकीं १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, एकूण सुमारें १३९ ग्रॅम. आठ रुपये निम्म्या कसाचे, प्रत्येकीं ५.८३, एकूण सुमारें ४६½ ग्रॅम. एक निकेलचा, दोन खोटे. त्यांची चांदी शून्य. एकंदर बेरीज, झीज सोडून, १८५½ ग्रॅम. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणें चोवीसही निम्म्या कसाचे धरले असते तर १४० ग्रॅम झाले असते. दोन खोटे आणि एक निकेलचा वजा घालूनही आजीबाईंचें सुमारें पंचेचाळीस ग्रॅम चांदीचें नुकसान होत होतें.

तो कागद घेऊन त्या नातीसह दुसऱ्या एका पेढीवर गेल्या. तेथील म्हाताऱ्या सराफानें प्रत्येक नाणें तोललें, तेरांतील दोन दगडावर घांसून पाहिलीं, आणि झिजेपोटीं थोडें कमी करून बाकी हिशेब मान्य केला. आजीबाईंनीं आठ रुपये निम्म्या कसाचे आणि नऊ भारी कसाचे दिले. चार व्हिक्टोरिया परत कशांत घातले, त्यांत तो डाखाचाही होता. निकेलचा वाघ नातीनें मागून घेतला. १९०७ चा चकचकीत रुपया हातांत धरून आजीबाई थोडा वेळ बसल्या, आणि मग, "हा तुमच्या पोरांना शिकायला राहूं द्या," म्हणून नऊ ग्रॅमच्या मुक्या सोबत्यासह तो त्यांनीं शाळेला दिला.

ते दोन्ही रुपये प्रयोगशाळेच्या कपाटांत कांचेच्या डबींत ठेविले आहेत. ज्या पालकांच्या घरीं जुने रुपये असतील त्यांनीं कोणत्याही शनिवारीं दुपारीं शाळेंत आणावेत. तराजू आणि पेला तयार असतो. मात्र आणण्यापूर्वीं ते चिंच, राख किंवा लिंबू लावून घांसूं नयेत. त्यानें काळिमा जातो, पण त्यासोबत ठशाच्या बारीक रेघाही जातात, आणि शौकीन गिऱ्हाईक तसलें नाणें हातांत धरून परत देतें. फारच मळ असेल तर साध्या साबणाच्या पाण्यांतून काढून मऊ फडक्यानें टिपून घ्यावें.